दोन बोटं अलीकडे

संशोधन करणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी आमच्या वर्कशॉपमधून चुंबकं हाकलून लावली. भिंतीवरची हत्यारं चिकटवायची पट्टी गेली, पडलेले स्क्रू उचलायची दांडी गेली, रेडिओ गेला. कपाटाच्या दारातलं बोटाएवढं चुंबक दादानं पकडीनं उपसून काढलं. दाराशी एक टोपली ठेवली, आत येणाऱ्यानं आपला मोबाइल तिच्यात टाकायचा. हातात पेनासारखं एक मोजयंत्र घेऊन बाई कोपरान् कोपरा हुंगत फिरल्या. माझ्या केसांतल्या क्लिपेपाशी ते किणकिणलं, तेव्हा मला क्लिप काढून रबर बांधावं लागलं.

"आता माझ्या नवऱ्याला तेवढं आत घेऊ नका," मी म्हटलं, "तोही कुठेही चिकटतो."

बाई हसल्या. दादा हसला नाही. कामाच्या वेळी केलेले विनोद त्याला चालत नाहीत, आणि माझं निम्मं आयुष्य तर कामाच्या वेळातच गेलेलं आहे.

हा सगळा थाट एका दगडासाठी. दगड आपला म्हणायचा, होतं अडतीस किलो लोखंड, आकाशातून पडलेलं. उशीएवढा आकार, रंग काळपट तपकिरी, आणि अंगभर खळगे, ओल्या मातीत कुणी अंगठे दाबत सुटावं तसे. असल्या लोखंडाचा काप घासून चकचकीत केला आणि त्यावर आम्ल फिरवलं की एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची नक्षी वर येते. लोखंड आणि निकेल लाखो वर्षं हळूहळू निवत गेलं तरच ती बनते, भट्टीत कुणाला जमलेली नाही. संग्राहक या नक्षीवर जीव टाकतात. मी शेकडो काप पाहिलेत, तरी पहिली रेघ उमटते तेव्हा अजून माझा श्वास अडकतो.

या लोखंडाच्या मालकाचं नाव मी 'वरबाप' ठेवलं होतं, कारण तो आला तोच अटी घेऊन. म्हणे, काप पडताना मी हजर राहणार. लहान तुकडा बाईंना, मोठा मला. मोठा त्याच संध्याकाळी माझ्या ताब्यात, त्यावर ओरखडा दिसता कामा नये. नुसता तोरा! पण एक मानलं पाहिजे, दगड टेबलावर ठेवल्यावर तो त्यावरून असा हात फिरवत राहिला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्याच्या वडिलांना विहीर खणताना हे लोखंड सापडलं होतं. चाळीस वर्षं ते तळघरात पोत्याखाली पडून होतं.

"आणि याला आजवर चुंबक लागलेलं नाही," तो म्हणाला. हे वाक्य त्यानं दोन दिवसांत सात-आठ वेळा तरी ऐकवलं असेल.

त्यात काय मोठंसं, असं मला आधी वाटलं. मग बाईंनी समजावलं. आकाशातलं लोखंड हाती लागलं की माणूस पहिल्यांदा काय करतो? चुंबक लावून बघतो. शोधणारे लावतात, विकणारे लावतात, घेणारेही लावतात, आणि तिथेच घात होतो. या लोखंडात, पट्ट्यांच्या कडेला, डोळ्याला न दिसणारे कण असतात. ज्या छोट्या ग्रहाच्या पोटातून ते आलं त्याला स्वतःचं चुंबकत्व होतं का, किती होतं, हे ते कण निवताना आपल्यात धरून ठेवतात. पृथ्वीवरची पहिली मुंगी जन्मायच्या कितीतरी आधीची ही नोंद. त्यावर साधं चुंबक टेकवलं की ती बिघडते.

"मग काय, कोरं होतं?" दादानं विचारलं होतं.

"कोरं झालं तर बरं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "ते खोटं बोलायला लागतं. आणि इतकं ठासून बोलतं की मोजणारा फसतो. काही कण हट्टी असतात, ते टिकतात. पण कुठले टिकले आणि कुठले बिघडले, हे मग सांगता येत नाही. अकरा वर्षं मी चुंबक न लागलेलं असलं लोखंड शोधतेय. हे पहिलं."

दादानं मान डोलावली आणि कामाला लागला. त्यानं करवतीच्या नेहमीच्या लोखंडी पाटावर जाड ॲल्युमिनियमचा पाट बसवला, दगड पकडणाऱ्या व्हाइसला लाकडी जबडे केले. करवतीचा पट्टासुद्धा बाईंनी आपल्या यंत्रानं तपासून घेतला. एवढी काळजी आम्ही आमच्या लेकरांची घेतली नसेल.

आता दादाबद्दल. हे वर्कशॉप आमच्या वडिलांचं. त्यांनी दादाला करवतीवर उभं केलं आणि मला पंपावर. पंप म्हणजे कूलंटचा, कापताना लोखंड तापू नये म्हणून ज्याचं पाणी सतत पडत राहतं तो. एकतीस वर्षं झाली, वडील गेले, मी अजून पंपावरच आहे. या गोष्टीचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. पण दादाच्या हाताला तोड नाही हेही तितकंच खरं. आकाशातलं लोखंड दगा देतं. मध्येच एखादी कडक गाठ लागते आणि पट्टा वाकडा पळतो. दादाचा पट्टा पळत नाही. लांबलांबची संग्रहालयं त्याच्या नावानं पेट्या पाठवतात. वहिनी म्हणते, "घरात यांना समोरची मिठाची बरणी सापडत नाही, पण कापातला केसाएवढा फरक सापडतो." एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही तुकडा वाया गेला नव्हता. हे तो स्वतः सांगायचा, न विचारता सांगायचा, आणि त्याच्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतंही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला काप दोन-तृतीयांश झाला होता. बाई स्टुलावर बसून पाण्याचं तापमान वहीत टिपत होत्या. तेवढ्यात बाहेर दाराशी गलका झाला. वरबाप आला होता आणि मोबाइल टोपलीत ठेवायला तयार नव्हता. त्याला हात जोडून समजावणार कोण? बाई उठून बाहेर गेल्या.

त्याच वेळी करवतीचा आवाज बदलला.

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. गुणगुण चाललेली असते, तिच्यात एक किरकिर शिरते. गाठ लागली होती. दादानं क्षणात करवत थांबवली, वाकून पाहिलं आणि जीभ चावली. पट्टा झुकला होता. किती, ते डोळ्यांनी कळण्यासारखं नव्हतं. तसंच पुढे गेलं तर काप तिरका होऊन बाईंचा तुकडा एका कडेला पातळ पडला असता.

हाकललेलं सामान ठेवलं होतं त्या शेजारच्या खोलीत दादा गेला आणि डायल घेऊन आला. डायल म्हणजे काट्याचं घड्याळासारखं मोजमाप. ते एका दांडीवर असतं आणि दांडी एका जड ठोकळ्यावर. ठोकळा हवा तिथे ठेवायचा, बटण फिरवायचं, की तो चिकटून घट्ट बसतो. मग डायलचं टोक पट्ट्याला लावून झुकाव वाचायचा. जगातला कुठलाही मिस्त्री दिवसातून दहा वेळा हे करतो. हाताला आता डोकं लागत नाही, हातच करतो.

त्यानं ठोकळा पाटावर ठेवला, बटण फिरवलं. ठोकळा घसरला. ॲल्युमिनियमवर तो कसा बसणार? दादा चरफडला. मी पंपाच्या बाजूला होते, यंत्राच्या पलीकडे. मला दगडाची वरची कड दिसत होती आणि दादाचा खांदा. मग दादाचा हात वर आला, ठोकळ्याची दांडी दगडाच्या वर दिसली, आणि खट् असा आवाज आला.

त्या ठोकळ्याला आम्ही मॅग्नेटिक स्टँड म्हणतो. नावातच मॅग्नेट आहे. रोज म्हणतो म्हणून ते ऐकूच येत नाही.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. हे मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. दादा काटा वाचत होता. वाचून त्यानं पट्ट्याला सरळ धरणारा गाईड आवळला, पुन्हा वाचलं, समाधानानं हुंकार दिला, बटण फिरवून स्टँड उचलला आणि शेजारच्या खोलीत ठेवून आला. पदराआड दिवा न्यावा तसा तो अलगद घेऊन गेला. बाई वरबापाला घेऊन आत आल्या तेव्हा करवत चालू होती आणि तिची गुणगुण सरळ होती.

"थांबवली होती का मध्ये?" बाईंनी विचारलं.

"गाठ लागली," दादा म्हणाला. "काढली सांभाळून."

"तापमान?"

"ठीक आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

वरबाप खुर्ची ओढून बसला. "याला आजवर चुंबक..." त्यानं सुरुवात केली.

पुढचा दीड तास मी नळीतून पडणाऱ्या पाण्याकडे बघत काढला. दादाला कळलंय का? त्याचा चेहरा नेहमीसारखा होता, म्हणजे दगडासारखा. त्याला कळलंच नसेल तर मी सांगायचं, आणि एका वाक्यात त्याची एकतीस वर्षं मातीत घालायची. कळलं असेल तर? मग तो सांगेल. सांगेल ना? मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी दर पाच मिनिटांनी तो 'पाणी वाढव', 'पाणी कमी कर' असं माझ्यावर डाफरतो. दीड तासात एकदाही डाफरला नाही. तेव्हा मला उमगलं, याला कळलंय.

साडेचारला चहासाठी करवत थांबवली. बाई आणि वरबाप बाहेरच्या बाकावर बसले. मी दादाच्या मागोमाग शेजारच्या खोलीत शिरले आणि दार लोटलं.

"मी बघितलं," मी म्हटलं.

"काय बघितलंस?"

"दादा, माझ्याशी वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. स्टँड लावलास तू."

तो फडक्यानं हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते. "मिनिटभर लावला असेल. मिनिटानं काय होतं?"

"बाईंनी सांगितलेलं ऐकलंस ना तू?"

"ऐकलं. बाईंना तरी काय माहीत, हा पहिलाच तुकडा मिळालाय त्यांना. मोजतील, काहीतरी आकडा येईल, कागदावर लिहितील. कोण मरणार आहे त्यानं? उलट काप तिरका गेला असता तर दोघांनी इथे थयथयाट केला असता." त्यानं फडकं खिळ्याला लावलं, ते पडलं, पुन्हा लावलं. "सरळ आहे काप. जाऊन बघ."

"त्या खोटं मोजतील, दादा. अकरा वर्षं वाट बघून खोटं मोजतील. आणि मग चारचौघांसमोर ते छातीठोक सांगतील."

"मग जा, सांग जाऊन!" तो ओरडला, पण आवाज खालीच ठेवून. "सांग, माझ्या भावाला आता काम झेपत नाही म्हणून. पेट्या यायच्या बंद होऊ देत. तुझंही पोट याच करवतीवर आहे."

मी काही बोलणार, तेवढ्यात तो अगदी हळू म्हणाला, "धाकटे, गप्प राहा गं."

त्यानं मला धाकटे म्हणून वडील गेल्यानंतर हाक मारली नव्हती. तो ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते, आमचं तसंच चालतं. या हाकेचं काय करायचं ते मला कळेना. मी बाहेर आले आणि चहा न पिता पंपापाशी जाऊन उभी राहिले.

सहा वाजायला आले तेव्हा पट्टा पलीकडे निघाला. दादानं लाकडी पाचर सरकवून दोन्ही भाग वेगळे केले. काप पाण्यानं धुतल्यावर आरशासारखा दिसला. बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. वरबाप खुर्चीतून उठला, जवळ आला आणि पहिल्यांदाच अट न घालता नुसता "वा" म्हणाला. मग त्यानं आपली पेटी पुढे ओढली. मोठा भाग तिच्यात जायचा, पेटी गाडीत जायची, आणि मग सगळंच आमच्या हातातून जायचं.

बाई आपल्या तुकड्यासाठी मऊ कापड उलगडत होत्या. उलगडताना त्या गुणगुणत होत्या, एखादी पोर नवा फ्रॉक उलगडते तशी. मला ते बघवलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "जरा थांबा. माझ्याकडून एक चूक झालीय."

दादा पट्टा पुसत होता, त्याचा हात थांबला.

"तुम्ही दाराशी होतात ना, तेव्हा पट्टा झुकला. घाईत मी डायल आणला. त्याचा स्टँड चुंबकाचा असतो. तो दगडाला लावला गेला. मी लावला."

वरबाप असा किंचाळला की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले असतील. चाळीस वर्षं जपलेलं एका बाईमाणसानं मातीत घातलं, असलं बरंच काही तो बोलला. मी ऐकून घेतलं. मला दादाकडे बघायचं नव्हतं. मनात एवढंच होतं की बाईंनी खोटं मोजू नये आणि दादाच्या नावाला धक्का लागू नये. शिव्या माझ्या वाट्याला आल्या तर आल्या, मला सवय आहे.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी वही काढली. "कुठे लावला? नेमकी जागा दाखवा."

आणि तिथे मी फसले. मी पलीकडून दांडी पाहिली होती, ठोकळा नाही. दोन्ही भाग शेजारी शेजारी होते, अलीकडे बाईंचा लहान, पलीकडे मोठा. मी अंदाजानं मोठ्या भागावर, कापाच्या कडेजवळ बोट ठेवलं. "इथे."

बाई झुकल्या. पट्टीनं अंतर घेतलं. "कापाच्या पलीकडच्या बाजूला? नक्की?"

"हो."

"बटण कुठल्या बाजूला होतं?"

"डावीकडे," मी ठोकून दिलं.

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट."

बाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग परत आला. "असल्या स्टँडचा जोर आजूबाजूला फार पसरत नाही," त्या म्हणाल्या. "त्याची दोन्ही टोकं जवळजवळ असतात, सगळा जोर तिथल्या तिथे फिरतो. म्हणजे माझा तुकडा वाचला असेल. कडेचा भाग सोडून देईन, बाकीचा चालेल. देवा!" आणि त्या चक्क हसल्या.

वरबाप अजून धुसफुसत होता. पण नक्षीला काही होणार नाही ना, असं त्यानं दोनदा विचारलं, बाईंनी दोनदा नाही म्हटलं, तेव्हा तोही हळूहळू निवला. चुंबकाची फुशारकी गेली होती, पण काचेच्या पेटीत ठेवायचं लोखंड शाबूत होतं. माझ्याकडे रागानं बघत त्यानं पेटीचं झाकण उघडलं.

म्हणजे सगळं निभावलं होतं. बाई खूश, मालक गप्प, दादाचं नाव जागच्या जागी. माझा जीव भांड्यात पडला होता. मी बोट ठेवलं ती जागा खरी की खोटी, हे मी स्वतःला विचारलंच नाही. विचारायला हवं होतं.

"तिथे नव्हता तो," दादा म्हणाला.

सगळे वळले. तो करवतीपाशीच उभा होता, फडकं हातात. चेहऱ्यावर तोच नेहमीचा भाव, मी चुकीचा पाना दिल्यावर येतो तो.

"दादा, तू थांब," मी म्हटलं.

"तिथे नव्हता, म्हटलं ना!" तो तरातरा टेबलापाशी आला, माझा हात बाजूला केला आणि आपलं जाड बोट लहान तुकड्यावर टेकवलं, बाईंच्या तुकड्यावर. "इथे. दोन बोटं अलीकडे. कापाच्या या बाजूला. बटण उजवीकडे होतं, माझ्या उजवीकडे. आणि अर्धा मिनिट कसलं, सव्वा मिनिट तरी असेल, काटा मी दोनदा वाचला." मग जणू राहिलेलं एक माप सांगावं तसं तो म्हणाला, "स्टँड मी लावला. ही पंपावर होती. हिला दिसणारच नाही तिथून."

बाईंच्या हातातलं कापड खाली गेलं. त्यांनी आपल्या तुकड्याकडे पाहिलं, त्या बोटाखालच्या जागेकडे पाहिलं, आणि स्टुलावर बसल्या.

वरबापच शेवटी बोलला. ओरडायचं तो विसरला होता. "अहो मिस्त्री, ती सगळं स्वतःवर घेत होती. मिटलं होतं सगळं. तुम्ही बोललात कशाला?"

"चुकीची जागा दाखवत होती ती," दादा म्हणाला.

त्याच्या दृष्टीनं एवढंच उत्तर होतं. मला इतका राग आला त्याचा, आणि इतकी माया दाटून आली, की मी तोंड फिरवून पंपाची नळी उगाच आवळत बसले. चार मिनिटांपूर्वीपर्यंत जो माणूस तासन् तास मूग गिळून बसला होता, त्याला गप्प राहणं जमलं होतं. चुकीचं माप कानावर पडू देणं जमलं नाही.

बाईंनी डोळे पुसले. रडल्या का, ते मी पाहिलं नाही. मग त्या उठल्या आणि मोठ्या भागाच्या पार पलीकडच्या टोकाशी गेल्या. "हे टोक लांब आहे," त्या म्हणाल्या. "वीत-सव्वा वीत. इथवर काही पोचलं नसेल. खात्री नाही देत, पण कदाचित." एवढं बोलून त्या वरबापाकडे बघत राहिल्या. मागायचा धीर त्यांना होत नव्हता. ते टोक कापायचं म्हणजे त्याच्या लोखंडाला दुसऱ्या बाजूनंही करवत लावायची.

वरबापानं पेटीचं झाकण मिटलं, पुन्हा उघडलं. लोखंडावरून हात फिरवला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"घ्या," तो म्हणाला. "उद्या घ्या. पण हे मिस्त्री करवतीला हात लावणार नाहीत."

"नाही लावणार," दादा म्हणाला.

"मग मीही नाही लावणार!" मी म्हटलं. "एकतीस वर्षांत एक चूक, ती त्यानं तोंडानं सांगितली, आणि त्याची ही बक्षिसी?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला. "गाईड डावीकडे ओढतोय. सकाळी बदलून घे आणि मग तूच करवत लाव." आणि त्यानं ॲप्रनची गाठ सोडली.

बाईंनी लहान तुकड्यावर खडूनं गोल काढला, दादानं दाखवलेल्या जागेभोवती. मग एक जाड कार्ड घेतलं. असं कार्ड प्रत्येक तुकड्याबरोबर जन्मभर राहतं, त्यांनी सांगितलं. तुकडा जिथे जाईल, ज्याच्या हाती पडेल, संग्राहक असो की शास्त्रज्ञ, तो आधी कार्ड वाचतो. त्यांनी लिहिलं, चुंबकाचा स्पर्श. जागा. वेळ, दुपारी सव्वातीन. काळ, सव्वा मिनिट. पुढे 'कोणाकडून' असा रकाना होता. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"इथे मी 'कापताना' एवढंच लिहिते," त्या हळूच म्हणाल्या. "नावाची गरज नाही."

मी देवाचे आभार मानणार होते.

"रकाना आहे ना?" दादा म्हणाला. "मग लिहा."

त्यानं नाव सांगितलं. स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. एकेक शब्द सुटा सुटा सांगितला. बाईंनी लिहिलं. दादानं चष्मा लावला, कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं आणि सावकाश वाचलं.

"आडनावात वेलांटी दुसरी आहे," तो म्हणाला, आणि त्यांनी दुरुस्त करीपर्यंत उभा राहिला.